गुन्हेगारी: एका दंडाची आणि गावच्या न्यायसभेची वाटचाल

पेशवाईतल्या एखाद्या महालाचा जमाखर्च वाचायला घेतला की जमेच्या बाजूला सारा, जकात, नजर यांच्या जोडीला ‘गुन्हेगारी’ अशी एक बाब भेटते. आजच्या वाचकाला वाटते, हा महालात घडलेल्या गुन्ह्यांचा हिशेब असावा. पण पुढे आकडा रुपयांचा असतो. गुन्हेगारी म्हणजे गुन्हेगाराकडून घेतलेला दंड. फार्सी ‘गुनाह’ म्हणजे पाप किंवा अपराध, त्यावरून गुन्हेगार, आणि त्याने सरकारात भरायची रक्कम ती गुन्हेगारी. मोल्सवर्थच्या मराठी कोशातही हा अर्थ नोंदलेला आहे. एकोणिसाव्या शतकात सरकारी कागदांवर ‘दंड’ हा संस्कृत शब्द पक्का झाला, आणि गुन्हेगारी म्हणजे फक्त गुन्हे करण्याची वृत्ती किंवा गुन्ह्यांचे प्रमाण, एवढाच अर्थ शिल्लक राहिला.

शब्दाचा अर्थ बदलला तो काही कोशकारांमुळे नव्हे. ज्या सभेपुढे ही रक्कम ठरत असे ती सभाच मोडली, तिची जागा दुसऱ्या व्यवस्थेने घेतली, आणि तिच्याबरोबर तिची भाषाही गेली. त्या सभेची, म्हणजे आपल्या गोतसभेची आणि तिच्या जागी आलेल्या संस्थांची ही वाटचाल आहे. दंड कोणी ठरवायचा, आणि त्याचा पैसा कोणाच्या पदरात पडायचा, हे दोन प्रश्न या वाटचालीत पहिल्यापासून आजपर्यंत सुटलेले नाहीत.

मराठी राज्याच्या फार आधीपासून दंड हे राज्यकर्त्याचे उत्पन्न होते. राष्ट्रकूट आणि शिलाहार राजांच्या ताम्रपटांत गाव दान देताना दानाच्या अटींत ‘सदण्डदशापराध’ असे विशेषण येते. गावात घडणाऱ्या दहा अपराधांबद्दलचा दंड वसूल करण्याचा हक्कही दान घेणाऱ्याला मिळाला, असा त्याचा अर्थ. जमीन, झाडे, पाणी यांच्याबरोबर लोकांच्या चुकांचे उत्पन्नही दान देता येत होते! धर्मशास्त्राने मात्र दंडाची मोजपट्टी घालून दिली होती. मनुस्मृतीत दंडाच्या तीन पायऱ्या आहेत: २५० पणांचा (पण हे त्या काळचे नाणे) प्रथम साहस, ५०० चा मध्यम आणि १००० चा उत्तम. शिक्षेचे प्रकार चार: आधी शब्दांनी समज, मग धिक्कार, मग धनदंड आणि सर्वांत शेवटी देहदंड. सामान्य माणसाला जिथे एक कार्षापण दंड, तिथे राजाला हजार, असेही तीच स्मृती सांगते. याज्ञवल्क्याने तर अन्यायाने घेतलेला दंड राजाने तीसपट करून वरुणाला अर्पण करावा आणि ब्राह्मणांना द्यावा, असा नियम घातला. या याज्ञवल्क्यस्मृतीवरची मिताक्षरा टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणी नगरीत लिहिली आणि पुढे पेशवाईतल्या शास्त्र्यांच्या हाती हाच आधारग्रंथ होता.

पण या मोजपट्टीत एक खोट होती आणि ती झाकून पुढे जाता येणार नाही. त्याच मनुस्मृतीत ब्राह्मणाला शिवी देणाऱ्या क्षत्रियाला शंभर पण दंड आहे, वैश्याला दीडशे किंवा दोनशे, आणि शूद्राला थेट शारीरिक शिक्षा. अपराध एकच, पण दंड जन्मावरून ठरायचा. गावच्या न्यायसभेचे गोडवे गाताना हा वारसा तिच्याही पाठीवर होता, हे विसरू नये.

आता प्रत्यक्ष गोतसभा. गोत म्हणजे नुसती भावकी नव्हे. गावचा पाटील, कुलकर्णी, चौगुला, बलुतेदार, पेठ असेल तर शेटे-महाजन, वाद परगण्याचा असेल तर देशमुख-देशपांडे, हे सगळे मिळून गोत. सरकारी अंमलदारही हजर असला की तिला मजालस म्हणत. वतनाचा वाद, शिवेचा वाद, भाऊबंदकी, वडीलपणाचा मान कोणाचा, असली प्रकरणे तिच्यापुढे येत. ज्याने आधी दावा सांगितला तो अग्रवादी आणि उत्तर देणारा पश्चिमवादी. दोघांच्या तकरिरी, म्हणजे त्यांचे म्हणणे, लिहून घेत. सभा जो निवाडा करील तो मान्य, असे राजीनामे घेत. आजच्या राजीनाम्याशी या कागदाचा संबंध नाही. दोन्ही पक्षांनी आपण राजी असल्याचे लिहून दिलेला तो कागद. मग जामीन. मग साक्षी, पुष्कळदा देवळात किंवा नदीकाठी शपथ घालून. आपल्या गावात न्याय मिळणार नाही असे एखाद्याला वाटले तर तो दुसरे ‘थळ’ मागू शकत असे, आणि त्याचा वाद दूरच्या, तटस्थ ठिकाणच्या सभेपुढे जाई. धर्माचा प्रश्न असेल तर पैठणच्या ब्रह्मसभेचा शब्द मोठा. गावच्या दडपणाखाली दबलेल्या माणसासाठी केलेली ही सोय मला या सगळ्या पद्धतीतली फार शहाणपणाची वाटते.

कागद आणि साक्षी यांनी निकाल लागला नाही तर दिव्य. तापलेल्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा, हात पिशवीत बांधून मोहोर करायची आणि तिसऱ्या दिवशी उघडून पाहायचा. शिवेच्या वादात महाराने शीव चालून दाखवायची. हे आज कोणी समर्थनीय म्हणणार नाही, म्हणूही नये. पण हे सगळे ज्या कागदावर उतरत असे तो महजर मात्र एकदा तरी डोळ्यांनी पाहावा. हाजीर मजालसीतल्या लोकांची नावे माथ्यावर ओळीने येतात. लिहिता न येणाऱ्यांच्या निशाण्या असतात: पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा. ज्याच्या हाती जे हत्यार, ती त्याची सही. निवाड्याला साक्षी राहिलेला प्रत्येक माणूस उद्या त्याच पाणवठ्यावर, त्याच बांधावर भेटणार होता. निवाड्याची अंमलबजावणी करणारी खरी शक्ती तीच होती. हरलेल्याने जिंकणाऱ्याला ‘येजितखत’ लिहून द्यायचे, म्हणजे आपला दावा खोटा ठरला हे स्वतःच्या हाताने कबूल करायचे.

आणि मग पैसे. जिंकणाऱ्याने सरकारात भरायची ती हरकी किंवा शेरणी, आनंदाप्रीत्यर्थ दिलेली. हरणाऱ्याने भरायची ती गुन्हेगारी. दिवाणी वादात हरणाऱ्याला ‘गुन्हेगार’ का म्हणायचे, असा प्रश्न आज पडतो. त्याचे उत्तर असे की खोटा दावा घेऊन गोत आणि दिवाण, म्हणजे सरकार, यांना कामाला लावणे हाच अपराध मानला जाई. चोरी, मारामारी, बदकर्म अशा प्रकरणांतही गुन्हेगारी होतीच. शिवाय सरकारचा राजदंड वेगळा, प्रायश्चित्ताचा ब्रह्मदंड वेगळा आणि जातीत परत घेण्यासाठी गोताला द्यायचा खर्च, म्हणजे गोताई, वेगळी. एकाच चुकीसाठी माणसाला तीन दारांत उभे राहावे लागे.

रकमेचा पक्का दर नव्हता. माणसाची ऐपत पाहून ती ठरे. इथे गोतसभेचे बळ आणि तिची कमजोरी एकाच जागी आहे. ज्याला दंड करायचा त्याच्या घरात किती बैल आहेत, यंदा पीक काय आले, कोणाचे देणे आहे, हे सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. म्हणून बसवलेला दंड माणसाला बुडवणारा नसावा एवढे तरी पाहिले जाण्याची शक्यता होती. पण ती रक्कम जायची सरकारच्या खजिन्यात. महालाचा वसूल पाहणारा कमावीसदार जोवर पुण्याच्या दप्तराला हिशेब देत होता आणि पुण्यात हिशेब मागणारा बसलेला होता तोवर हे निभले. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात, १७६१ ते १७७२ या वर्षांत, ते पुष्कळसे निभले. माहुलीहून आलेले रामशास्त्री प्रभुणे त्या वेळी पुण्याच्या न्यायाधीशीवर होते. नारायणरावांच्या १७७३ मधल्या खुनानंतर रघुनाथरावांच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारे म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत. पण त्यांचे मोठेपण एका प्रसंगापुरते नव्हते. राज्यकर्त्याच्या खिशाशी न्यायासनाचा संबंध येऊ न देण्यात ते जास्त होते.

तो संबंध दुसऱ्या बाजीरावाच्या काळात उघड जुळला. महाल मक्त्याने दिले जाऊ लागले. जास्त बोली बोलणाऱ्याला मामलत, म्हणजे महालाचा कारभार, मिळे. त्याने भरलेली रक्कम रयतेकडूनच वसूल व्हायची, आणि न्याय करण्याचा अधिकारही त्याच्याच हाती. अशा माणसाला गुन्हेगारी म्हणजे काय वाटत असेल? साऱ्याला तरी जमिनीची मर्यादा होती. दंडाला मर्यादा कोण घालणार? फिर्याद खरी की खोटी यापेक्षा फिर्यादी आणि आरोपी यांच्यापैकी पैसा कोणाकडे आहे, याला महत्त्व आले. मराठी राज्य कोणत्या लढाईत बुडाले याची चर्चा आपण पुष्कळ करतो. गावच्या न्यायावरचा विश्वास कुठे बुडाला, याचीही तेवढीच चर्चा व्हायला हवी.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. नव्या मुलखाचा कमिशनर म्हणून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला त्यात पंचायतींचे वर्णन विस्ताराने आहे. पंच वेळेवर जमत नाहीत, वाद वर्षानुवर्षे रेंगाळतात, वशिला चालतो, लाच चालते, हे सगळे त्याने लिहिले. तरीही लोकांना ही पद्धत आपली वाटते आणि तिच्यामुळे लोक बऱ्यापैकी न्याय मिळवतात, असेही त्याने मोकळेपणाने मान्य केले. पंचायत ठेवावी, तिच्यावर देखरेख करावी, असा त्याचा कल होता. तो मुंबईचा गव्हर्नर झाला, १८२७ मध्ये त्याच्याच नावाने ओळखली जाणारी कायदेसंहिता आली, आणि तिने उभ्या केलेल्या अदालतींपुढे पंचायत टिकली नाही.

तिला कोणी बंदी घातली नव्हती. पण पंचांना पगार नव्हता आणि निवाडा अमलात आणायला शिपाई नव्हता. अदालतीकडे दोन्ही होते. पंचायतीत हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी अदालतीची पायरी चढू लागला, तेव्हा येजितखताला काय किंमत उरणार? हरकी आणि गुन्हेगारी हे शब्द एका पिढीत कागदावरून उतरले. त्यांच्या जागी स्टॅम्प आला. आधीच्या पद्धतीत निकाल लागल्यावर पैसे भरायचे होते; आता दाद मागतानाच भरायचे. १८७० च्या कोर्ट फी कायद्याने ते देशभर पक्के झाले. गरिबाच्या दृष्टीने हा बदल लहान नव्हता. निकालानंतर ऐपत पाहून भरायची रक्कम त्याला निदान समजून देता येत होती. दारातच मागितलेली रक्कम त्याला दारातूनच परत पाठवत होती.

फौजदारी बाजूला भारतीय दंड संहिता १८६० मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्या ६३ व्या कलमात एक नीट पाहण्यासारखी गोष्ट आहे. जिथे दंडाची रक्कम सांगितलेली नाही तिथे ती अमर्याद असू शकते, पण अवाजवी असता कामा नये. हा विचार इंग्लंडच्या जुन्या भांडणातून आला. तिथेही राजे दंडावर खजिना भरत. अपराधी राजाच्या दयेवर आहे असे जाहीर करायचे आणि दया विकत घ्यायला लावायची, अशी ती रीत. १२१५ च्या मॅग्ना कार्टात सरदारांनी जॉन राजाकडून लिहून घेतले की दंड अपराधाच्या प्रमाणात असावा. व्यापाऱ्याचा माल आणि कुळाची शेतीची साधने त्यात जाऊ नयेत. आणि रक्कम शेजारपाजारच्या भल्या माणसांनी शपथेवर ठरवावी. आपल्या गोतसभेत जी चाल होती तिचे तिथे लेखी वचन झाले. आपल्याकडे असे वचन कोणी राजाकडून घेतले नाही, ही आपल्या इतिहासातली मोठी उणीव आहे. चाल चांगली होती, पण ती मोडणाऱ्याला अडवणारा कागद नव्हता.

दंड संहितेने जातीवरून दंड ठरवण्याची पद्धत संपवली. ब्राह्मण असो की महार, कलम तेच आणि रक्कमही तीच. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण रकमा आकड्यांत गोठल्या. सार्वजनिक उपद्रवाला दोनशे रुपयांपर्यंत, दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्याला दहा रुपयांपर्यंत. १८६० मध्ये दहा रुपये ही मजुराच्या दृष्टीने मोठी रक्कम होती. दीडशे वर्षांनंतरही कायद्यात तेच दहा रुपये! आणि दंड न भरल्यास कैद, ही तरतूद कायम. म्हणजे श्रीमंतासाठी दंड नगण्य आणि कफल्लकासाठी तोच दंड तुरुंगाचे दार.

गावच्या न्यायसभेची आठवण लोकांच्या मनातून मात्र गेली नव्हती. १८७० च्या दशकात पुण्यात सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांनी लवाद कोर्टाचा उपक्रम चालवला. न्यायमूर्ती रानड्यांचा त्याला पाठिंबा होता. लोकांनी आपसांतले तंटे आपल्या निवडीच्या लवादांपुढे मिटवावेत, कोर्टाच्या खर्चात बुडू नये, हा हेतू. १८७५ मध्ये सुप्यापासून सावकारांविरुद्धचे दंगे पेटले आणि सरकारलाही जाग आली. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यात गावमुनसफ आणि तडजोड करणारे सलोखेकार नेमण्याची सोय झाली. कोर्टाच्या कागदांवर अंगठा उठवून शेत गमावणाऱ्या कुणब्याचा प्रश्न यातून पुरता सुटला नाही, पण न्याय गावाजवळ हवा हे सरकारी कायद्याने मान्य केले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ खाली न्यायपंचायती आल्या. किरकोळ दिवाणी आणि फौजदारी प्रकरणे त्यांच्याकडे. तुरुंगात पाठवण्याचा अधिकार नाही, फक्त दंड. गोतसभेचे कायदेशीर रूप म्हणून त्यांच्याकडून फार अपेक्षा होत्या. पण निवडणुकीच्या राजकारणाने गाव दोन गटांत विभागलेले असताना एका गटाचा पंच दुसऱ्या गटाच्या माणसाला दंड करतो, तेव्हा तो न्याय कोणाला वाटणार? १९७५ मध्ये महाराष्ट्राने न्यायपंचायती बंद केल्या. फारशी हळहळ झाली नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तिने शहाणपणाने दंडाचा अधिकार मागितलाच नाही. तंटा मिटवणे एवढेच काम. तिचे जे काही यश आहे त्याचे कारण मला यातच दिसते.

या सगळ्या वाटचालीत एक संस्था मात्र कोणत्याही कायद्याशिवाय दंड वसूल करत राहिली: जातपंचायत. गोताई बसवणारी जी जुनी सत्ता होती तिची ही वारस. जातीबाहेर लग्न केले, दंड. पंचांविरुद्ध पोलिसांत गेला, दंड. दंड भरला नाही तर वाळीत. इथे थळ मागण्याची सोय नाही, महजर नाही, पावती नाही. पूर्वीच्या सभेत होते ते सगळे गुण गळाले आणि फक्त तिची जबरदस्ती उरली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ पासून या पंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. समितीचे नरेंद्र दाभोलकर त्याच वर्षी मारले गेले, पण काम थांबले नाही. विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा एकमताने मंजूर केला आणि ३ जुलै २०१७ पासून तो अमलात आला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि या कायद्यात अशी तरतूद आहे की वसूल झालेल्या दंडाची रक्कम न्यायालय पीडित व्यक्तीला देऊ शकते. ताम्रपटांच्या काळापासून राजाच्या, देवस्थानाच्या, मक्तेदाराच्या आणि खजिन्याच्या पदरात पडलेला दंड इथे ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या हाती जाऊ शकतो. माझ्या मते या सगळ्या वाटचालीतले हे सर्वांत मोलाचे पाऊल आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्याचे दहा रुपये एक हजार झाले, आणि काही लहान गुन्ह्यांसाठी समाजसेवा ही नवी शिक्षा आली. बदल स्वागतार्ह आहे. पण रक्कम पुन्हा आकड्यातच बांधली गेली. रोजंदारीवरचा मजूर आणि बंगल्यातला मालक यांना तोच हजार. दंडाची कमाल मर्यादा माणसाच्या उत्पन्नाशी जोडावी, ही मागणी आता आपल्या विधिज्ञांनी आणि लोकप्रतिनिधींनी धसाला लावली पाहिजे.

आणि वाचकांना एक सांगणे. तुमच्या गावात, तुमच्या जातीत आजही कोणी पंच म्हणवून दंड मागत असेल तर तो भरू नका. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते आणि थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही. ती पीडित माणूस स्वतः करू शकतो, किंवा त्याच्या घरातले कोणीही.